स्वयंपाकघरातले गिरमिट

दिवाळी अंकात असले काही लिहू नये, असा संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडायचा तो चार घटका मनाला बरे वाटावे म्हणून. तेथे परमुलखात भांडी घासणाऱ्या बायकांची कहाणी कशाला, असे प्रथम माझ्याही मनात आले. मग लक्षात आले, की ज्या ताटाशेजारी हा अंक उघडला जाणार आहे, ते ताट कोणीतरी घासून ठेवलेले असते. तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत नाही.

आमच्या वर्ध्याच्या घरी अकरा वर्षे एक बाई कामाला होती. तिचे नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातली. चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, सोसायटीचे कर्ज, त्यावर सावकाराचे, आणि एके वर्षी नवरा गेला. तो कसा गेला हे आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला सांगावे लागत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता, एवढे बाहेरच्यांसाठी पुरे. दोन मुले घेऊन ती शहरात आली आणि आमच्या आळीतली पाच घरे तिने धरली.

मी शिक्षिका. सेवानिवृत्त झाले तरी खोड जात नाही. ही बाई सातवी शिकलेली, हुशार, हिशेबाला पक्की. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. संध्याकाळी भांडी झाली, की ओट्याशी बसून गणित आणि इंग्रजी. दोन वर्षे अशी शिकवणी झाली आणि ती दहावी उत्तीर्ण झाली. पेढे मी वाटले. ज्या गावात १९३७ साली नयी तालीमचा विचार मांडला गेला, त्या गावच्या शिक्षिकेला याहून मोठे समाधान कोणते? त्या पेढ्यांची गोडी पुढे मला किती कडू होणार होती, हे तेव्हा कळले नाही.

२०१८ च्या दिवाळीआधी चकल्या पाडता पाडता ती म्हणाली, "बाई, मी आखातात जाऊन रायली. घरकामाचे महिन्याले तीस हजार देतेत. दोन वर्सात कर्ज फिटते." नागपूरचा एक दलाल सगळे जुळवून देणार होता. त्याचे सत्तर हजार. त्यासाठी तिने पोत गहाण टाकली. पासपोर्टचा अर्ज मीच भरला. पासपोर्ट आला तेव्हा त्यावर सरकारी परवानगी लागण्याचा शिक्का नव्हता. दलाल म्हणाला, दहावी पास असल्याने एक मोठी कटकट वाचली. मलाही तसेच वाटले.

ही वाचलेली कटकट काय होती, ते मला पुढे दोन वर्षांनी कळले. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासाचा कायदा आहे. दहावीपर्यंत न शिकलेला माणूस आखातातल्या आणि अशाच आणखी काही देशांत कामाला जाणार असेल, तर त्याने 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणजे उत्प्रवाशांचा संरक्षक या अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. हा अधिकारी करारनामा पाहतो, मालकाची माहिती पाहतो. त्या माणसाचा विमा उतरवावाच लागतो. २७५ रुपयांत दोन वर्षांचा, मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचा. दलाल नोंदणीकृतच हवा आणि त्यालाही ३० हजारांहून अधिक शुल्क घेता येत नाही. स्त्री असेल तर वय किमान तीस. शिवाय २०१६ च्या ऑगस्टपासून अशा स्त्रियांना खासगी दलालांनी पाठवायचेच नाही, राज्य सरकारांच्या संस्थांनीच पाठवायचे, असा नियम झाला. त्या वेळच्या यादीत केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र, तेलंगण यांच्या संस्था होत्या. महाराष्ट्राची नव्हती.

आता गंमत पाहा. हे सारे दहावी न झालेल्यांसाठी. दहावी झाली, की करारनामा कोणी पाहायचा नाही, विम्याची सक्ती नाही, वयाची अट नाही, संरक्षकही नाही. सरकारच्या लेखी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या बाईला कोणी फसवू शकत नसावे! गणिताच्या शिक्षिकेच्या नात्याने सांगते, शंभरात पस्तीस मिळवून पास झालेल्या माणसाला अरबी करारनामा वाचता येत नाही. पंचाण्णव मिळवणाऱ्यालाही येत नाही. मी त्या बाईला शिकवले आणि त्या शिक्षणानेच तिच्या अंगावरचे होते नव्हते ते पांघरूण काढून घेतले.

ती गेली ती पाहुणी म्हणून, भेटीच्या व्हिसावर. विमानतळावरच एका माणसाने पासपोर्ट मागून घेतला. घरात लहानथोर मिळून तेरा माणसे. पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत काम; रमझानात तर रात्र आणि दिवस यांत फरकच उरला नाही. निजायला कोठीची खोली. पहिले तीन महिने पगार नाही, कारण "तुझ्यासाठी आम्ही दलालाला पैसे मोजले आहेत." फोन मालकिणीच्या कपाटात. मारहाण झाली का, असे मी तिला एकदाच विचारले. तिने दुसरेच काही बोलायला सुरुवात केली आणि मी पुन्हा विचारले नाही. आठव्या महिन्यात शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका फिलिपिनी बाईने तिला कागदाच्या बोळ्यातून आपल्या वकिलातीचा नंबर दिला. ती बाहेर पडली. पडली म्हणजे पळाली, आणि पळाल्याबरोबर ती गुन्हेगार ठरली. मालकाने पोलिसांत तक्रार नोंदवली, की कामवाली फरार आहे. सुटून घरी यायला आणखी सहा महिने गेले.

येथे कोणी म्हणेल, की मालक वाईट निघाला. निघाला असेल. पण मालकाच्या भलेपणावर जिचे सारे अवलंबून आहे, ती नोकर नव्हे. तिला दुसरा शब्द आहे. आखाती देशांत ज्या व्यवस्थेला 'कफाला' म्हणतात, तिचा गाभा एवढाच, की परदेशी कामगाराचा त्या देशात राहण्याचा हक्क एका मालकाच्या नावाला बांधलेला असतो. मालक सोडला, की देशातले राहणेच बेकायदा. सौदी अरेबियात या फरारीला 'हुरूब' म्हणतात. तसा शेरा पडला, की पोलीस पगाराचे विचारीत नाहीत, परवाना विचारतात.

हे वाचताना वर्ध्याच्या माणसाला काही आठवायला हवे. १८९४ साली नाताळमधल्या दरबान शहरी, वकिली सुरू करून तीन-चार महिनेच झालेल्या एका तरुण बॅरिस्टराच्या कचेरीत एक तामिळ माणूस आला. फाटके कपडे, पुढचे दोन दात तुटलेले, तोंडातून रक्त, आणि मुंडासे डोक्यावर नसून हातात. गोऱ्यापुढे जाताना गिरमिटियाने डोक्यावरचे उतरवून घ्यायचे ही तिथली रीत, आणि हिंदी वकिलापुढेही तो तसाच उभा राहिला. त्याचे नाव बालसुंदरम्. अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी गिरमिटावर, तो एका प्रतिष्ठित गोऱ्या गृहस्थाकडे कामाला होता. गांधीजींनी आधी त्याला मुंडासे बांधायला लावले. मग डॉक्टरचा दाखला, मग मॅजिस्ट्रेट. पण त्यांनी मागितले काय ते नीट पाहावे. मालकाला तुरुंगात घाला असे त्यांनी मागितले नाही. त्यांनी मागितले, की या माणसाला या मालकाकडून सोडवा. कारण साधा नोकर काम सोडून गेला तर मालकाने फार तर दिवाणी दावा लावायचा. गिरमिटिया सोडून गेला तर तो फौजदारी गुन्हा, वाट सरळ तुरुंगाची. सुटकेचे मार्ग दोनच. एक तर गिरमिटियांचा सरकारी प्रोटेक्टर ते गिरमिट रद्द करील किंवा दुसऱ्याच्या नावे करून देईल, नाही तर मालक आपण होऊन सोडील. गांधीजींनी दुसरा मालक शोधला आणि गिरमिट त्याच्या नावे करवून घेतले.

म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या कायद्यातही मालक बदलून मिळण्याची एक फट होती. आमच्या बाईला ती फटही नव्हती. गिरमिटावरची भरती १९१७ साली थांबली आणि १९२० साली ती पद्धत संपली, असे आपण मुलांना शिकवतो. मळ्यातले गिरमिट संपले हे खरे. स्वयंपाकघरातले संपले नाही. विशेष म्हणजे त्या काळचा 'प्रोटेक्टर' हा हुद्दाही संपला नाही. आजही तो त्याच नावाने आहे. फक्त बालसुंदरमचा प्रोटेक्टर तो जिथे राबत होता त्या देशी होता आणि आमचा मुंबईला असतो, बाई विमानात बसेपर्यंत.

हा सगळा आखातातल्या तेलाच्या पैशाचा प्रताप, असेही कोणी समजू नये. साहेबी अमलात मुंबईच्या बंदरातून मडमांबरोबर मुलांना सांभाळायला आया विलायतेला जात. आगबोटीवर त्यांची गरज फार असे, लंडनला पोचल्यावर संपे. परतीचे भाडे न देता त्यांना तिथेच सोडून दिल्याची उदाहरणे इतकी झाली, की त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक आश्रयगृह चालवावे लागले. १९०० साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्‌स रोडवर गेले. २०२२ साली त्या घरावर स्मरणाची निळी पाटी लागली. पाटी लागायला शंभरावर वर्षे जावी लागली, त्याबद्दल मी इंग्रजांना दोष देत नाही. आपण तर अजून पाट्या लावण्याच्या जवळपासही नाही.

माझ्या एका स्नेह्यांचे मत असे, की बायकांनी जाऊच नये. सरकारने सरसकट बंदी घालावी. हे गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांची स्वतःची मुलगी अमेरिकेत असते. बंदीचा अनुभव नेपाळने घेतला. २०१२ साली तिथे तीस वर्षांखालच्या स्त्रियांना आखातात घरकामाला जाण्याची मनाई झाली. बायका जायच्या थांबल्या नाहीत, हिंदुस्थानातून जाऊ लागल्या. मनाईने जाणारी थांबत नाही. ती फक्त नोंदवहीतून नाहीशी होते, आणि तिच्याकडून दलाल दुप्पट पैसे घेतो. कर्जाचा आकडा ज्या बाईच्या डोळ्यांपुढे आहे तिला, 'जाऊ नकोस' हे उत्तर नव्हे. उत्तर द्यायचे तर कपाशीच्या भावाचे द्या. ते देता येत नसेल तर जाणाऱ्या बाईच्या हातात काहीतरी द्या.

काय द्यायचे? यात गूढ काही नाही. फिलिपिन्स हा आपल्याहून लहान देश. त्याने २००६ सालीच ठरवले, की आमच्या घरकामगार बाईला महिना ४०० डॉलरांखाली कोणी ठेवायचे नाही. २०१८ साली कुवेतमध्ये त्यांच्या एका मुलीचे प्रेत शीतपेटीत सापडले तेव्हा त्यांनी माणसे पाठवणे थांबवले आणि मे महिन्यात कुवेतकडून लेखी करार करून घेतला, की कामगार आपला फोन स्वतःजवळ ठेवील आणि पासपोर्ट मालकाच्या हाती न राहता वकिलातीत राहील. फोन आणि पासपोर्ट! एवढ्या दोन वस्तू आमच्या बाईजवळ असत्या तर आठ महिने गेले नसते. आपल्या सरकारनेही सौदीशी २०१४ च्या जानेवारीत आणि कुवेतशी २०२१ च्या जूनमध्ये घरकामगारांसाठी करार केले आहेत. मी त्यांना कमी लेखत नाही. पण ते करार त्या दोन देशांच्या दफ्तरांत आहेत. जी बाई पाहुणी म्हणून विमानात चढते तिच्या पदराशी ते बांधलेले नाहीत. मालक बदलण्याचा हक्क देता येतो, हेही सिद्ध झाले आहे. २०२० साली कतारने घरकामगारांसकट सर्वांना मालकाच्या ना-हरकतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा कायद्याने दिली. कायद्याचे आचरण किती होते हा वेगळा वाद. पण आकाश कोसळले नाही. उलट २०२१ साली सौदीने कामगारांना अशी मुभा दिली तेव्हा घरकामगार तेवढे वगळले. घरातले माणूस नेहमीच वगळले जाते. घर म्हणजे कारखाना नव्हे ना!

आता हे शेवटचे वाक्य मी कोठे ऐकले ते सांगते. अरबस्तानात नव्हे, आमच्या भिशीत ऐकले. "घर म्हणजे काही कारखाना नव्हे, साप्ताहिक सुट्टी कसली?" भगिनींनो, हा लेख येथून पुढे थोडा अप्रिय होणार आहे.

२०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये आपल्या वकिलातीतल्या एक मराठी अधिकारी, देवयानी खोब्रागडे, यांना अटक झाली. घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या अर्जात तासाला ९.७५ डॉलर वेतन दाखवून प्रत्यक्षात फार कमी दिले, असा तिथल्या सरकारी वकिलांचा आरोप. त्यांनी तो नाकारला. राजनैतिक संरक्षणामुळे जानेवारी २०१४ मध्ये त्या परत आल्या आणि खटला चाललाच नाही. म्हणून आरोप खरा की खोटा हे कोणी ठरवलेले नाही. मीही ठरवीत नाही. अधिकाऱ्याची अंगझडती घेण्याची अमेरिकेची रीत निंद्य होती, हेही मला मान्य. पण त्या पंधरवड्यात आपण कोणत्या गोष्टीने खवळलो ते आठवून पाहा. दिल्लीत अमेरिकेच्या वकिलातीपुढचे अडथळे काढून टाकले गेले. संसदेत भाषणे झाली. घरोघरी चर्चा झाली ती देशाच्या अपमानाची. त्या प्रकरणात आणखी एक हिंदी स्त्री होती. तिच्या पगाराचे नेमके काय झाले, असे आमच्या घरी कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. दिल्लीच्या न्यायालयातून तर तिच्याच नावे वॉरंट निघाले होते. एक बाई फरार झाली, म्हणून! हुरूब हा शब्द अरबी असेल, कल्पना केवळ अरबी नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला: आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, लेखी अटी, स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क. भारताने त्याच्या बाजूने मत दिले आणि मग त्याला स्वतःवर बंधनकारक मात्र करून घेतले नाही. फिलिपिन्सने पुढच्याच वर्षी करून घेतले. आपण का नाही, हे दिल्लीला विचारण्याचे कारण नाही, आपापल्या ओट्यापाशी उत्तर मिळेल. तो करार मान्य केला तर कुवेतच्या मालकिणीइतकाच तो वर्ध्याच्या मालकिणीलाही लागू होईल. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितले. महाराष्ट्राने २००८ सालीच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला होता. पण अकरा वर्षांत आमच्या बाईची त्या मंडळात नोंद करून द्यायला मला सवड झाली नाही. गणित शिकवायला झाली. कारण त्यात मला पुण्य लागत होते आणि पदरचे काही जात नव्हते.

परत आल्यावर तिला मी बरेच दिवस काही विचारले नाही. एकदा तीच म्हणाली, "कामाचं काय हो बाई, काम तिथं अन् इथं सारखंच. फरक येवढाच का इथं सांजच्याले मले माह्या घरी जाता येत होतं." मी हे वाक्य पुष्कळांना सांगितले. ऐकणारे 'अरेरे' म्हणतात ते तिथल्या कामाबद्दल. तिने इथल्या कामाबद्दलही काही सांगितले आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझे मागणे अगदी थोडे आहे. संरक्षण पासपोर्टवरच्या शिक्क्याला आणि शाळेच्या इयत्तेला बांधू नका, कामाला बांधा. घरकामाला जाणारी प्रत्येक बाई, सातवी असो वा पदवीधर, करारनामा आणि विमा घेऊनच जावी. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे मसुदे २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले. अशा मसुद्यांवर अभिप्राय मागवतात, तेव्हा भरतीच्या संस्था पाठवतात, कामगारांसाठी झटणारी थोडी मंडळी पाठवतात. वर्ध्याच्या महिला मंडळाने एक पाठवायला काय हरकत होती? सर्वोदयावर आम्ही दर वर्षी व्याख्यानमाला ठेवतोच. करारात पगार बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होण्याची अट हवी, आणि जिथे मालक बदलता येत नाही तिथे बदलता येण्याची मागणी आपल्या सरकारने प्रत्येक बोलण्यात पहिली मांडायला हवी, विम्याच्या आणि विमानभाड्याच्या आधी. कारण दार उघडे असेल तर बाकीचे बाई स्वतः मिळवील. आणि ज्यांची मुले-सुना दुबईला, मस्कतला, न्यू जर्सीला संसार करीत आहेत, अशा आयांनी दिवाळीच्या दिवशी फोनवर नातवंडांची चौकशी करतानाच तिथल्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे, हेही विचारावे. सून रागावेल. रागावू द्या.

ती पुन्हा जायचे म्हणते आहे. कर्ज अजून फिटलेले नाही, पोत अजून सुटायची आहे, धाकट्याला आयटीआयला घालायचे आहे. या खेपेस दलालाने दिलेला कागद तिने आधी माझ्याकडे आणला. इंग्रजी मजकूर आम्ही दोघींनी मिळून वाचला. तिला बराच कळत होता. पगाराचा आकडा होता, कामाच्या तासांचा नव्हता. सुट्टीचे कलम सापडेना म्हणून मी पाने उलटीत राहिले. तेव्हा ती हसून म्हणाली, "राहू द्या बाई. ते तर मले इथंही मांगता आलं नाही." तो कागद तिने परत पाठवला आहे, सुट्टीचे आणि पासपोर्टचे कलम घालून आणा, असे सांगून. दलाल अजून फिरकलेला नाही.

आमच्याकडे आता रविवारी तिला सुट्टी असते. मंडळाचा अर्ज भरून झाला आहे. यंदा फराळाच्या दिवसांत रविवार आल्यामुळे अनारसे राहिले. करंज्या मी आणि माझ्या सूनबाईंनी केल्या. त्या थोड्या फुटल्या आहेत.